हिरवी बुरशी आणि गुलाबी पाणी

"हे औषध नाही हं, ताई. ही जिवंत आहे. घरी पाहुणी आली असं समजा. सावली द्या, ओल द्या, उन्हात बसवू नका. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पुडा माझ्या हातात देताना हे बजावलं होतं, आणि शेवटचं वाक्य दोनदा. मला वाटलं, त्यात काय एवढं? घरात आहेत तरी किती माणसं? मी, हे, मामंजी आणि वन्सं. एवढ्यांना एक गोष्ट सांगायला असा कितीसा वेळ लागणार?

सांगायला नाहीच लागला. त्यांच्या डोक्यात शिरायला लागला.

आमची भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे. मागचं दार उघडलं की समोरच शेड, पुढे रस्त्याच्या अंगाला आमचं छोटं दुकान. लोक लागवडीच्या आधी आमच्याकडे मागणी नोंदवतात, आम्ही ट्रेमध्ये रोपं वाढवून देतो. टोमॅटो सगळ्यांत जास्त. आणि टोमॅटोचं रोप लहानपणी फार नाजूक. संध्याकाळी ताठ उभं असतं, सकाळी बघावं तर मातीलगत त्याची मान दोऱ्यासारखी बारीक झालेली आणि ते आडवं पडलेलं. एक पडलं की शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. कुणीतरी ट्रेवर हात टेकून उठावं तसा खळगा दिसतो. मातीतली बुरशी हे करते. आम्ही त्याला नुसती 'मर' म्हणतो.

मामंजींनी ही रोपवाटिका उभी केली, आणि मर आली की त्यांच्याकडे एकच उत्तर: गुलाबी पाणी. डब्यातली बुरशीनाशकाची पूड पाण्यात कालवली की रंग असा चढायचा, जसं कुणाचं तरी लग्नच आहे. पेरताना गुलाबी पाणी, उगवल्यावर गुलाबी पाणी, गिऱ्हाइकाच्या गाडीत चढवताना ट्रेचं बूड पुन्हा गुलाबी पाण्यात. लोकांनाही त्याची सवय झाली होती. रंग दिसला नाही की विचारायचे, "काय मालक, आज विसरलात वाटतं?"

त्या पाण्याने वन्संची छाती धरली.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. संसार मोडून माहेरी आल्या, त्या दिवशी कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. पिशवी पडवीत ठेवली, शेडमध्ये गेल्या आणि ट्रे भरायला बसल्या. तेव्हापासून शेड त्यांची. पेरणी त्यांची, पाणी त्यांचं, विरळणी त्यांची. रोपांशी बोलतात, माणसांशी जेवढ्यास तेवढं. यंदा मात्र खोकला सुरू झाला तो थांबेना. रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. डॉक्टरांनी डबा मागवून घेतला, वरचं वाचलं आणि म्हणाले, "एक तर हे सोडा, नाही तर शेड सोडा."

मामंजींनी घरी येईपर्यंत निकाल लावला होता. "शेड सोड. दुकानात बस. गल्ल्यावर सावली आहे, पंखा आहे."

"मी गल्ल्यावर काय करू, बाबा?"

"लोक येतील, त्यांच्याशी बोल."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर त्यांनी निदान विहीर कुठली ते विचारलं असतं.

म्हणून मी प्रयोगशाळा गाठली होती. बाईंनी सांगितलं ते असं, की वाईट बुरशीला खाणारी एक चांगली बुरशी असते. ट्रायकोडर्मा तिचं नाव. ती कंपोस्टमध्ये आधी वाढवायची, बियांना चोळायची, ट्रेमध्ये मिसळायची. मग ती मुळांभोवती बसून राहते आणि वाईट बुरशीला जागाच देत नाही. "पण लागलेली आग ती विझवत नाही," असंही बाई म्हणाल्या. "रोपं पडायला लागल्यावर माझ्याकडे येऊ नका. आधी घरात घ्या."

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे बुरशी घालवायला बुरशी आणायची. उद्या ढेकूण घालवायला ढेकूण आणा."

पण लेकीचा खोकला भिंतीपलीकडून त्यांनाही ऐकू येत होता. शेवटी त्यांनी शेडमधली ट्रे ठेवायची एक मांडणी दिली. एक सलग लांब मांडणी, घाईवाल्यांच्या मागणीची. घाईवाले हे आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. गाडी बंद न करताच बोलतात, म्हणून हे नाव. "ही खेप तुझ्या ह्या बुरशीमंडळींवर सोपवतो," मामंजी मला म्हणाले. "उभी राहिली तर ताई शेडमध्ये. झोपली तर गुलाबी पाणी आणि ताई गल्ल्यावर. मग माझ्याशी वाद नको."

मी मान डोलावली. आवाज चढवायचा नाही हा माझा रोजचा नेम आहे. तो मी घेतला तेव्हा रोपवाटिकेत पडले नव्हते.

तर पुडा आणला. चांगलं कुजलेलं कंपोस्ट चाळून घेतलं, त्यात पूड मिसळली, हाताला गार लागेल इतपत ओल ठेवली, ओलं गोणपाट झाकलं आणि ढीग शेडच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवला. एकेकाला गाठून सांगितलं. ह्यांना तर जेवताना सांगितलं, म्हणजे उठून जाता येऊ नये.

"कोपऱ्यात गोणपाटाखाली कंपोस्ट आहे. त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत," हे म्हणाले. "मी कशाला लावू?"

ढिगावर हळूहळू हिरवी मखमल चढली. बाईंनी दाखवली होती तशीच. वन्सं रोज गोणपाट उचलून बघायच्या आणि पाळण्यातलं मूल जागं होऊ नये तसं परत झाकायच्या. पेरणीच्या सकाळी आम्ही दोघी बियांचा डबा घेऊन गेलो, तर कोपरा लख्ख. झाडलेला, धुतलेला, वर चुन्याची रेघ.

हे मागून हात पुसत आले, चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "केवढी बुरशी लागली होती अगं त्याला! हिरवीगार. बरं झालं मी बघितलं. सगळं बाहेर उन्हात पसरून टाकलंय, वर चुनाही मारलाय. ताईच्या छातीला ते बरं नव्हे."

वन्संनी डबा खाली ठेवला.

"अहो," मी म्हणाले, "तीच तर पाहुणी होती."

"कोण?"

"बुरशी."

"बुरशी पाहुणी?"

"मी जेवताना सांगितलं होतं."

"तू कंपोस्टला हात लावू नको म्हणालीस. बुरशीचं कुठे काही बोललीस?"

ज्या माणसाने लग्नाच्या पहिल्या महिन्यात माझं विरजण 'नासलंय' म्हणून मोरीत ओतलं होतं, त्याला मी बुरशी सांभाळायला दिली, ही चूक कोणाची म्हणायची? मी देवासमोर जाऊन बसले. मामंजी पडवीतून विचारत होते, "काय, मंडळी उन्हं खात बसली म्हणे?"

परत प्रयोगशाळा. परत पुडा. बाईंनी एवढंच विचारलं, "सांगितलं नव्हतं का घरी?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी पुष्कळ बायकांकडून ऐकलं असावं.

या वेळी ढीग माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर ठेवला. ह्यांनी आपणहून पाटी रंगवून लावली: 'हिरवे आहे. बरोबर आहे. हात लावू नये.' घाईवाल्यांना खेप थोडी उशिरा मिळेल असं मामंजींनी फोनवर सांगितलं, कारण सांगितलं नाही. आम्ही बियांना साखरेच्या पाण्यात कालवलेली पूड चोळली, सावलीत वाळवली, धुतलेल्या ट्रेमध्ये पेरली. रोपं उगवली आणि काय सांगू, अशी उगवली की वन्सं दोन वाक्यं सलग बोलल्या. "वहिनी, बघा तरी. एकसारखी आलीत." आणि खोकल्या नाहीत. ह्या खेपेपुरतं शेडमध्ये औषध बंद होतं, म्हणून ओढणीचा बोळा तोंडाशी धरायची वेळ आली नव्हती. रात्रीच्या उशाही कमी झाल्या होत्या.

पण प्रेमाचंही पाणी जास्त होतं. वन्सं मधूनच जाऊन झारी फिरवायच्या. बाई म्हणाल्या होत्या, सकाळी एकदाच, वरचा थर सुकू द्या. वन्सं म्हणायच्या, "कोरडी वाटली हो मला." कडेच्या ट्रेमध्ये पाणी साचलं आणि तिथे एक छोटा खळगा पडला. मूठभर रोपं आडवी. मी ते ट्रे बाजूला काढले, वन्संच्या हातातली झारी घेतली आणि ती सरळ देवघरात नेऊन ठेवली. तिथून त्या ती उचलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मामंजींनी खळगा पाहिला होता. ते ट्रे बाजूला काढलेत असं मी सांगितलं, तर नुसतं 'हं' म्हणाले. मामंजी नुसतं 'हं' म्हणतात तेव्हाच खरी भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले होते. जप होईपर्यंत मी बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कानावर फवारणीच्या पंपाच्या दांड्याचा आवाज आला. कट् कट्, फस्स. मला वाटलं, शेजारचे भिंत धूत असतील. मग शेडमधून वन्संचा खोकला आला. तो साधा खोकला नव्हता. आत घेतलेला श्वास बाहेरच येत नव्हता.

मी माळ तशीच हातात घेऊन धावले. पंप जमिनीवर लोळत होता, त्याच्या तोंडातून गुलाबी पाणी ठिबकत होतं. मामंजी वन्संना धरून दाराबाहेर आणत होते, स्वतः मामंजींनाही धाप लागली होती. त्यांनी वन्संना पायरीवर बसवलं, पाण्याचा पेला वन्संच्या ओठांना लावला.

"ही इतक्या लवकर येईल असं मला काय ठाऊक?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "येईपर्यंत वारा लागून वास गेला असता."

मी जपात होते म्हणून बोलले नाही, असं त्यांना वाटलं असेल. जप तेव्हाच मोडला होता.

आत जाऊन पाहिलं. मांडणीच्या एका टोकापासून निम्म्यापर्यंत पानांच्या बेचक्यांत गुलाबी थेंब बसले होते. निम्म्यावर येऊन मामंजी थांबले होते. म्हणजे तेवढ्यात वन्सं दारात आल्या होत्या.

दुपारी वन्संचा श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, अगदी हळू विचारलं, "मामंजी, बुरशीनाशकाला आपली कोण आणि परकी कोण हे कळतं का हो?"

"मी तुझ्या मंडळींना मारायला गेलो नव्हतो. पडणाऱ्या रोपांसाठी गेलो होतो."

"ते ट्रे मी कधीच बाजूला काढले होते."

"मला कोण सांगतं?"

"काल सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

"'हं' म्हणजे ऐकलं असं होत नाही!" मामंजी कडाडले. हे तिथेच उभे होते. ते म्हणाले, "हे मात्र खरं आहे," आणि मग माझा चेहरा बघून पाटीला रंग द्यायला निघून गेले. पाटीला रंगाची काही गरज नव्हती.

आता मजा बघा. पहिले काही दिवस गुलाबी निम्मी बाजू जास्त चांगली दिसली. एकही रोप पडलं नाही. आमच्या बाजूला मात्र कुठे एक, कुठे दोन अशी विरळ जागा झाली. मामंजी रोज सकाळी दोन्ही हात पाठीमागे बांधून मांडणीच्या मधोमध उभे राहायचे आणि डावीकडे, उजवीकडे बघायचे. वन्सं उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या, आत यायची बंदी होती, आणि तिथून विचारायच्या, "वहिनी, खिडकीकडचा पडदा वर केलात का? वारा मिळतोय ना त्यांना?" एकदा मी त्यांना दुकानाचा गल्ला उघडून आतले सुटे न्याहाळताना पाहिलं. परक्याच्या घरातलं कपाट चुकून उघडावं तसा चेहरा होता.

मग आभाळ आलं. ऊन नाही, वारा नाही, सगळीकडे दमट. असल्या हवेत रोपवाटिकावाल्याला घास गिळवत नाही. आमची बाजू टिकून राहिली. जी विरळ झाली होती ती तेवढीच विरळ राहिली. गुलाबी बाजूला औषधाचा जोर ओसरला असावा, आणि खाली मातीत राखण करायला कोणी उरलंच नव्हतं. एक खळगा पडला. दुसऱ्या दिवशी तो ताटाएवढा झाला. मग खळगे एकमेकांना मिळाले.

मी मामंजींना बोलावलं नाही. ते आपणच आले, बघितलं, आणि गुलाबी बाजूची अजून उभी असलेली रोपं वेगळ्या ट्रेमध्ये काढायला बसले. भराभर हात चालत होता.

"हे काय करताय?"

"उभी आहेत ती घाईवाल्याला देतो. तुझी निम्मी आणि ही. खेप पुरी होते. खाली गुलाबी पाण्यात बुडवून देऊ, त्याला तसंच लागतं."

हे म्हणाले, "पण बाबा, ही टिकतील?"

"लावली की धरतात."

"धरणार नाहीत." हा आवाज दारातून आला. वन्सं बंदी मोडून आत आल्या होत्या. त्यांनी मामंजींच्या समोरच्या ट्रेमधून एक रोप उपटलं, चांगलं ताठ, चार पानांचं, आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मातीलगत बघा."

"दिसतंय मला."

"चष्मा लावा, बाबा."

"दिसतंय म्हटलं ना!"

त्यांनी चष्मा लावला नाही. मातीलगत देठावर तपकिरी कडं होतं, मला लांबूनही दिसत होतं. वन्संनी नखाने नुसतं टेकवलं आणि देठ तिथे दुमडला.

"त्यांच्या वावरात नेल्यावर हे आठवड्यात झोपेल," वन्सं म्हणाल्या. एवढं बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. "ते समजतील, आपल्याच हातून गेलं. पाणी चुकलं, जमीन चुकली. तुमच्यावर त्यांचा एवढा विश्वास आहे."

"मग काय करू? त्याला शब्द दिलाय मी. एवढ्या वर्षांत कधी खेप कमी दिली नाही."

"मी गल्ल्यावर बसते." वन्संनी हात पुसले. "उद्यापासून बसते. वहिनींना काही बोलू नका. पण ही रोपं इथून जाऊ देऊ नका."

मला भरून आलं आणि त्याहून जास्त राग आला. ज्या शेडसाठी एवढा खटाटोप, ती शेड ही बाई दुसऱ्याच्या वावरातल्या रोपांसाठी सोडायला निघाली होती. आणि मामंजी रोप तळहातावर धरून बसलेले. आणि हे कोपऱ्यात ब्रश धुताहेत. मी म्हणाले, आणि देवाशपथ आवाज चढवला नाही, "मामंजी, वन्संनी गल्ला घेतला तर मी उद्यापासून घरातल्या कुणालाही काहीही सांगणार नाही. भाजीत मीठ घातलंय की नाही, हेसुद्धा नाही."

कुणी हसलं नाही. मामंजींनी रोप ट्रेच्या कडेवर ठेवलं.

"गल्ल्यावर कोण बसवतंय तिला?" ते म्हणाले. "हिला सुटे देता येतात का? माणसाकडे मान वर करून बघत नाही. दुकान बुडवेल माझं." मग माझ्याकडे वळले. "तुझी निम्मी उभी आहे. मी म्हणालो होतो, उभी राहिली तर. निम्मीचं काही बोललो नव्हतो." नाक ओढलं. "पडली ती माझ्या हाताने पडली."

"आणि घाईवाले?" मी विचारलं.

"सांगेन त्याला."

"काय सांगाल?"

"हेच, की निम्मी आहेत."

"आणि निम्मी का?"

"सुनेला शाळामास्तर व्हायचं होतं वाटतं!" पण मग म्हणाले, "माझ्यामुळे. सांगेन. आणि आहेत ती गुलाबी पाण्याशिवाय मिळतील, तेही सांगेन. झालं?"

"शब्द?" वन्संनी विचारलं.

"शब्द."

पडलेले आणि पडू घातलेले सगळे ट्रे आम्ही त्याच दिवशी लांब नेऊन पुरले. ह्यांनी ट्रे इतके घासले की त्यांचा काळा रंग उतरेल की काय वाटलं. त्या कामात ह्यांना कोणी अडवलं नाही.

आणि मामंजी? मामंजींनी फोन केला नाही. पहिल्या दिवशी, "आज तो बाजारात असेल." दुसऱ्या दिवशी, "फोनवर तो ऐकून घेत नाही, त्याला घाई असते." त्यापुढे पाय दुखायला लागला. मग दाढी करायची राहिली होती. मी काही म्हणत नव्हते. फक्त ताट वाढताना पळी जरा जोरात ठेवत होते, आणि त्याचंही मला संध्याकाळी देवापुढे वाईट वाटत होतं. वन्सं शेडमध्ये परतल्या होत्या. त्या एकदाही विचारायला आल्या नाहीत, आणि तेच मामंजींना जास्त लागत असावं. जेवताना सारखे दाराकडे बघायचे.

काल दुपारी मी ओट्यावर नवा ढीग कालवत होते. हात कोपरापर्यंत कंपोस्टमध्ये. शेडचं दार वाजलं म्हणून मान वळवली. मामंजी आत वन्संशी काहीतरी बोलत होते, आवाज ऐकू आला नाही. वन्संनी आमच्या निम्म्या बाजूचा एक ट्रे निवडला, तळ उचलून मुळं बघितली आणि त्यांच्या हातात दिला. मुळं पांढरी होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि बराच वेळ ती मुळं बघत राहिले.

दाढी केलेली होती. बाहेर जायचा सदरा घातला होता. ह्यांनी गाडी काढू का म्हणून विचारलं, तर हाताने नको केलं. घाईवाल्यांचं घर काही जवळ नाही.

ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरून, रोपांना हेलकावा बसू नये म्हणून पावलं बारीक टाकत, ते फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेकडेने चालू लागले.